आपल्या खासदाराचं अप्रेझल

डॉक्टर, छोट्या पडद्यावरचे शिवाजी महाराज आणि सलग दोन टर्म खासदार. शिरूरच्या डॉ. अमोल कोल्हेंच्या कामाचा हिशोब मांडायला बसलं, की शेवटी एक प्रश्न आपल्याच टेबलावर येऊन पडतो...

मार्च संपत आला की भोसरीपासून हिंजवडीपर्यंत सगळ्या कॅन्टीनमध्ये एकच विषय असतो, अप्रेझल! कुणाला किती टक्के, कुणाचं रेटिंग घसरलं, कुणी मॅनेजरशी भांडून पेपर टाकले. वर्षभरातल्या एकेका टार्गेटचा आपण हिशोब देतो. पण आपल्या वतीने पाच वर्षांसाठी दिल्लीला गेलेल्या माणसाचं अप्रेझल कधी करून पाहिलंय?

त्याआधी एक सोपा प्रश्न. तुमचा खासदार कोण?

हसू नका. मी हा प्रश्न ओळखीच्या मंडळींना विचारत सुटले तेव्हा उत्तरं मोठी मजेशीर आली. कुणी म्हणालं, ‘पवारांपैकीच कुणीतरी असेल ना?’ कुणी म्हणालं, ‘ते संभाजी मालिकेतले!’ आणि बऱ्याच जणांचं उत्तर होतं, ‘अगं, आमचं वोटिंग गावाला असतं.’ हे शेवटचं उत्तर लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

गोंधळ होतो त्यात तुमचा फारसा दोष नाही म्हणा! आपला हा कारखान्यांचा आणि आयटीचा पट्टा एकसंध दिसत असला, तरी लोकसभेच्या नकाशावर त्याचे तीन तुकडे आहेत. पिंपरी आणि चिंचवड मावळ मतदारसंघात. भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये. आणि हिंजवडी? ती भोर विधानसभेतून थेट बारामतीत. म्हणजे वाकडला राहणारी आणि हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी रोज सकाळी एका खासदाराच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते. तिचा नवरा चाकणला असेल, तर एका घरात तीन खासदारांचा संबंध आला!

या तिघांपैकी अप्रेझलसाठी मी कोल्हेंची फाइल निवडली. एक तर त्यांना आपण सगळे चेहऱ्याने ओळखतो. दुसरं म्हणजे, आपल्यापैकी हजारो लोक रोज ज्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, तो चाकणचा चौक त्यांच्या मतदारसंघात येतो.

बायोडेटा

जन्म १९८०, गाव नारायणगाव, तालुका जुन्नर. एमबीबीएस केलं मुंबईच्या केईएमशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून. म्हणजे पांढरा कोट घालून आरामात आयुष्य काढता आलं असतं. पण २००८ मध्ये स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ मालिका आली आणि हा डॉक्टर घराघरात ‘महाराज’ झाला. पुढे २०१७ मध्ये झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली. रात्री जेवणाची ताटं टीव्हीसमोर मांडून आपल्या आई-बाबांनी, आजीने ती पाहिली. शिवनेरीच्या पायथ्याच्या तालुक्यातला मुलगा छत्रपतींची भूमिका करतो, याचं जुन्नर-आंबेगावात किती अप्रूप असेल, हे वेगळं सांगायला नको.

राजकारणातलं पहिलं जॉइनिंग शिवसेनेत, २०१४ मध्ये. भाषण उत्तम, चेहरा ओळखीचा, त्यामुळे प्रचारात मागणी भरपूर. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी शिवसेना सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि पक्षाने लगेच शिरूरची उमेदवारी दिली.

ही जागा सोपी अजिबात नव्हती. समोर होते शिवाजीराव आढळराव पाटील. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे, स्वतः उद्योजक. २००४ मध्ये तेव्हाच्या खेड मतदारसंघातून आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ आणि २०१४ मध्ये शिरूरमधून, असे सलग तीनदा निवडून आलेले. २०१४ ला तर त्यांचं मताधिक्य तीन लाखांवर होतं. अशा माणसाला पहिल्याच निवडणुकीत कोल्हेंनी ५८,४८३ मतांनी हरवलं.

प्रोबेशनमध्येच असं टार्गेट गाठलेला उमेदवार कुठल्याही एचआरला आवडेल!

दिल्लीतलं काम

खासदाराचं मूळ काम काय? गल्लीतलं गटार नाही, सोसायटीसमोरचा स्पीडब्रेकर नाही. ती कामं नगरसेवकाची. कायदे करणं, सरकारला प्रश्न विचारणं आणि आपल्या भागाचं म्हणणं केंद्रापर्यंत पोहोचवणं, हे खासदाराचं काम.

या कॉलममध्ये कोल्हेंचे मार्क चांगले आहेत. २०१९ ते २०२४ या लोकसभेत त्यांनी विचारलेले प्रश्न सहाशेच्या आसपास जातात. सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्या खासदारांच्या यादीत ते वरच्या फळीत होते आणि २०२३ मध्ये त्यांना संसदरत्न पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे याच यादीत शेजारच्या मावळचे श्रीरंग बारणे आणि बारामतीच्या सुप्रिया सुळेही वर दिसतात. प्रश्न विचारण्यात आपला पट्टा कमी पडलेला नाही, हे मान्य करायला हवं.

पण प्रश्न विचारणं आणि प्रश्न सुटणं यात फरक आहे. बहुतेक प्रश्न अतारांकित असतात. त्यांना मंत्रालयाकडून छापील उत्तर येतं आणि ते रेकॉर्डवर जातं, बस्स. त्यातून माहिती बाहेर येते, पत्रकारांना बातमी मिळते, अधिकाऱ्यांना खुलासा करावा लागतो. रस्ता मात्र बनत नाही. शिवाय दोन्ही टर्ममध्ये कोल्हे दिल्लीत विरोधी बाकांवर होते. त्या बाकांवरून मागणी करता येते, मंजुरीवर सही करता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तर संसदेतल्या गदारोळावरून विरोधी खासदारांचं घाऊक निलंबन झालं, त्यात कोल्हेही होते.

मतदारसंघातली हजेरी

आता थोडी कडू गोळी. पहिल्या टर्ममध्ये कोल्हेंवर सगळ्यात जास्त झालेला आरोप एकच: खासदार भेटत नाहीत. शूटिंग, नाटक आणि मतदारसंघ यांची सांगड बसत नाही, असं विरोधक म्हणायचे आणि गावागावांत ते ऐकून घेणारे लोक होते. कोविडची दोन वर्षं मध्ये आली, खासदार निधीही २०२० मध्ये थांबवला गेला होता, हे खरं. तरी मतदाराला आपला माणूस समोर दिसावा लागतो. टीव्हीवर तो रोज दिसत असला, तर जरा जास्तच!

अभिनयाने दुसरीकडेही अडचणीत आणलं. नथुराम गोडसेच्या भूमिकेतला त्यांचा सिनेमा शूट झाला होता २०१७ मध्ये, पण प्रदर्शित व्हायला आला २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे ते गांधींचं नाव घेणाऱ्या पक्षाचे खासदार असताना. केवढा गहजब झाला! अखेर ते आळंदीला इंद्रायणीकाठी गेले, आत्मक्लेश केला आणि दिलगिरी व्यक्त केली. जुना प्रोजेक्ट नव्या कंपनीत कसा अंगाशी येतो, हे नोकरी बदलणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग आला २०२३ चा जुलै. २ तारखेला अजित पवारांच्या शपथविधीला कोल्हे राजभवनात हजर होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, आपण शरद पवारांसोबत. यावर टीका करणाऱ्यांनी ‘चोवीस तासांत दोन घरं’ असं म्हटलं, तर समर्थकांनी ‘सत्ता सोडून परत आला’ असं. तुम्ही काय म्हणाल, ते तुमच्यावर.

त्याच डिसेंबरमध्ये अजित पवारांनी शिरूरमध्ये कोल्हेंना पाडण्याचं जाहीर आव्हान दिलं. २०२४ च्या निवडणुकीत उमेदवार तेच दोघं होते, पण चिन्हांची अदलाबदल बघा. २०१९ मध्ये ज्या घड्याळावर कोल्हे जिंकले, ते घड्याळ आता आढळरावांच्या हातात. आणि कोल्हेंकडे नवं चिन्ह, तुतारी फुंकणारा माणूस. निकाल? कोल्हे १,४०,९५१ मतांनी विजयी. पहिल्या वेळेपेक्षा दुपटीहून जास्त फरकाने.

म्हणजे गैरहजेरीचा आरोप, पक्षफूट, नवीन चिन्ह, समोर सत्तेची ताकद, आणि तरीही प्रमोशन. हे कसं काय जमलं? उत्तर शोधायला एक्स्प्रेस वे सोडून घाटात जावं लागेल. बैलगाड्याच्या घाटात!

टार्गेट पूर्ण: बैलगाडा आणि कांदा

तुम्हाला बैलगाडा शर्यत म्हणजे एखादा व्हॉट्सअॅप व्हिडिओ वाटत असेल. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत मात्र तो गावच्या जत्रेचा जीव आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या मे महिन्यात जल्लिकट्टूबरोबर या शर्यतींवरही बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तो हायकोर्टात अडकला. आढळराव या विषयावर वर्षानुवर्षं झगडले होते. कोल्हेंनी २०१९ च्या प्रचारात शब्द दिला: शर्यत सुरू होऊ दे, बारीपुढे घोडी मी स्वतः धरीन.

१६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली. २०२२ च्या फेब्रुवारीत खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात कोल्हे खरोखर घोडीवर बसून बारीपुढे सुसाट निघाले. १८ मे २०२३ ला घटनापीठानेही राज्याचा कायदा वैध ठरवला. निकाल कोर्टाचा, कायदा राज्याचा, पाठपुरावा अनेकांचा. पण लोकांच्या डोक्यात राहिला तो घोडीवरचा खासदार.

दुसरा विषय कांद्याचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. कोल्हेंनी त्याच महिन्याच्या अखेरीस शिवनेरीवरून पुण्याच्या कलेक्टर कचेरीपर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. ४ मे २०२४ ला, म्हणजे शिरूरच्या मतदानाला नऊ दिवस उरले असताना, केंद्राने निर्यातबंदी उठवली. तोपर्यंत शेतकऱ्याचा राग पेटीत पडायला तयार होता.

मतांचं चित्र याला धरूनच आहे. शिरूर मतदारसंघात सहा विधानसभा येतात: जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर. भोसरीने २०१९ लाही आणि २०२४ लाही आढळरावांना आघाडी दिली. कोल्हेंना तारलं ते मुख्यतः ग्रामीण तालुक्यांनी. मग खासदाराने सगळ्यात आधी कुणाचं ऐकायचं? तुम्ही त्यांच्या जागी असता तर कुणाचं ऐकलं असतं?

टार्गेट बाकी: चाकण

आता आपल्या दुखऱ्या नसेवर बोट. चाकण!

बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज... जगातल्या नामांकित गाड्या इथे बनतात आणि इथेच अडकतात. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता यांच्या चौकात कंटेनर, कंपनीच्या बसेस, सुटे भाग नेणारे टेम्पो, आणि बाजाराच्या दिवशी मार्केट यार्डकडे निघालेल्या कांद्याच्या गाड्या, सगळे एकमेकांसमोर उभे. माझी एक मैत्रीण तिथल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ती पिंपळे सौदागरहून पहाटे निघते, ते कामाची आवड म्हणून नाही, सात वाजल्यानंतर निघालं तर पोहोचायची खात्री नसते म्हणून. बसमधली झोप हीच तिची खरी झोप. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिलाय.

या चौकाचा मालक कोण, हे शोधायला गेलात तर चक्कर येईल. महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा. आतले रस्ते एमआयडीसीचे. गाव नगरपरिषदेचं. बाजूचा भाग पीएमआरडीएचा. आणि ट्रॅफिक सांभाळायचं पिंपरी-चिंचवड पोलिसांनी. मीटिंगला सगळे येतात, ॲक्शन पॉइंट कुणाच्याच नावावर नसतो. ओळखीचं वाटतंय?

यात खासदाराचा वाटा केंद्राच्या रस्त्यापुरता, पण तो मोठा आहे. कोल्हेंनी पुणे-नाशिक रस्त्याचा विषय सतत लावून धरला, त्यांच्याआधी आढळरावांनीही. नारायणगाव आणि खेड घाटाचे बायपास झाले आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्यांच्या श्रेयावरून दोघांच्या समर्थकांत चांगलीच जुंपली. राज्यात तेव्हा दोघांचे पक्ष एकत्र सरकारमध्ये होते, हे विशेष! पण घाटाच्या पलीकडचा रस्ता मोकळा झाला, तरी चाकणची कोंडी होती तिथेच राहिली.

२ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी. भोसरी, मोशी, चाकण सगळं या टप्प्यात. म्हणजे किलोमीटरला साधारण २६० कोटी. आता खासदार निधी किती, तर वर्षाला ५ कोटी, पाच वर्षांत २५ कोटी. पूर्ण टर्मचा निधी या एका पुलावर ओतला तरी शंभर मीटरही बांधून होणार नाहीत! म्हणून ‘खासदाराने काय केलं’ याचं उत्तर त्याच्या निधीत शोधू नका. दिल्लीच्या तिजोरीतून आपल्या भागासाठी त्याने काय ओढून आणलं आणि आणलेलं कागदावरून जमिनीवर येईपर्यंत किती पिच्छा पुरवला, त्यात शोधा. मंजुरीला पेढे वाटता येतात. पण निविदा, भूसंपादन, सेवा रस्ते, काम चालू असतानाची वाहतूक, या कंटाळवाण्या गोष्टींच्या मागे कुणी लागतं का, तिथे खरी परीक्षा आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटेच चाकणच्या चौकात पाहणीला पोहोचले, तेव्हा टीव्हीच्या सगळ्या गाड्या मागे. पण बघा, इतक्या वर्षांच्या कोंडीनंतर अजूनही पाहणीच चालू होती.

रेल्वेचंही तसंच. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव असा होता. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला त्याचा अडथळा होईल म्हणून रेल्वे मंत्रालयाने तो मार्ग बाजूला ठेवला. कोल्हेंनी याला विरोध केला. खेडचं नियोजित विमानतळ तर त्याआधीच, आढळरावांच्या काळात, पुरंदरला गेलं होतं. खासदार बदलले, पक्ष बदलले, चिन्हं बदलली. चाकणचा प्रवासी बसमध्येच.

रेटिंग देणार कोण?

तर मग फॉर्म भरूया. संसदेतलं काम: चांगलं. बोलणं: उत्तम. मतदारसंघातला वावर: पहिल्या टर्ममध्ये कमी. शेतकऱ्यांचे प्रश्न: जोरदार. औद्योगिक पट्ट्याचे प्रश्न: आवाज उठवला, निकाल बाकी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या सहा आमदारांपैकी एकही त्यांच्या पक्षाचा नव्हता, हेही शेऱ्यात लिहायला हवं. टीममध्ये एकटा माणूस असेल तर डिलिव्हरीला वेळ लागतो.

पण खाली सही कुणाची? इथे आपली गाडी अडते.

आठवतंय ते उत्तर, ‘आमचं वोटिंग गावाला असतं’? चाकणच्या खोल्यांमध्ये राहणारा आयटीआयचा मुलगा बीड किंवा यवतमाळचा मतदार. त्याच्या शेजारचा उत्तर प्रदेशचा. मोशीत फ्लॅट घेतलेला इंजिनिअर सोलापूरच्या यादीत. माझी मैत्रीण तर मतदार आहे मावळची, अडकते शिरूरमध्ये! चाकण चौकात रोज सकाळी जे लोक चडफडतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा शिरूरच्या निकालाशी काही संबंधच नाही. आणि ज्यांचा आहे त्यांचं काय? २०२४ ला शिरूरमध्ये मतदान झालं जेमतेम ५४ टक्के. मतदानाचा दिवस होता १३ मे, सोमवार. २०१९ लाही सोमवारच होता. शनिवार, रविवार, सोमवार... कोकणातली हॉटेलं कुणी भरली असतील, सांगा बरं?

कांदा उत्पादक रस्त्यावर उतरतो, आणि मग रांगेतही उभा राहतो. बैलगाडा मालक शब्द लक्षात ठेवतो. त्यांचे प्रश्न लोकसभेत गाजले यात नवल नाही, आणि गैर तर अजिबात नाही. त्यांनी आपल्या खासदाराचं अप्रेझल दोनदा केलं. आपण कॉफी मशीनपाशी उभं राहून नुसती बदली मागत राहिलो.

कोल्हे असोत, बारणे असोत की सुळे, राजकारणी माणूस यादीतलं नाव वाचतो, कंपनीचं आयकार्ड नाही. पुढची लोकसभा २०२९ ला आहे. तोवर या पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्या आणि नवे टॉवर मतदार यादीत दिसायला लागले, तर चाकणचा चौक प्रचाराच्या पहिल्या भाषणात येईल. नाहीतर आपली बस, आपली झोप आणि आपला कंबरेचा पट्टा.

चौकट: एवढं करा!

• तुमचा मतदारसंघ ओळखा. भोसरी, मोशी, चिखली, चाकण, आळंदी, हडपसर: शिरूर. पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, वाकड, रावेत, तळेगाव: मावळ. हिंजवडी: बारामती.

• नाव जिथे राहता तिथे नोंदवता येतं. त्यासाठी स्वतःचा फ्लॅट लागत नाही, नोंदणीकृत भाडेकरारही पुराव्याला चालतो. ऑफिसच्या पत्त्यावर मात्र नोंद होत नाही.

• पहिल्यांदा नोंदणी करत असाल तर फॉर्म ६. गावाकडून इकडे नाव आणायचं असेल तर फॉर्म ८. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे.

• मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. ती लोणावळ्यासाठी नसते!

• तुमच्या खासदाराने काय प्रश्न विचारले, सरकारने काय उत्तर दिलं, हे लोकसभेच्या वेबसाइटवर नावानिशी वाचायला मिळतं. एखाद्या लंच टाइममध्ये उघडून बघाच.